रेहानेच्या रक्तातलं तांबं

इराणातल्या केरमानच्या तांबटांच्या बाजारात खुदामुरादइतका बडबड्या माणूस दुसरा नव्हता. हातोड्यापेक्षा त्याचं तोंडच जास्त चालायचं. अशा माणसाची वाचा बसली म्हटल्यावर बाजार चकित होणारच की!

झालं असं. त्याच्या सोळा वर्षांच्या मुलीला, रेहानेला, जन्मापासूनचा थॅलेसेमिया. अंगात रक्त टिकत नाही, दर थोड्या दिवसांनी बाहेरचं चढवायचं. यंदा इस्पितळानं अशा सगळ्या मुलांच्या रक्तातलं जस्त अन् तांबं मोजलं. नर्सबाई जाता जाता म्हणाल्या, "रेहानेचं जस्त कमी निघालंय, तांबं जास्त."

खुदामुराद जागच्या जागी थिजला. आजार आपल्या अन् बायकोच्या रक्तातून पोरीत उतरला, हे त्यानं कसंबसं पचवलं होतं. आता तांबं ठोकणाऱ्या आपल्या हातांनीही घात केला?

घरी येऊन त्यानं तांब्याची पातेली, पराती, चहा उकळायचं समोवारसुद्धा अंगणात फेकलं. दुकानाला कुलूप घातलं. पोरीला जवळ घेईना, तिच्या ताटाला हात लावीना, जेवायलाही बाहेर ओट्यावर. हातांत मुरलेलं तांबं साबणानं जाईना.

बायको तूबा कडाडली, "अहो, वेड लागलं का? आता चहा काय तुमच्या टोपीत उकळू?"

यानं नुसती टोपी काढून तिच्यापुढे ठेवली.

पुढच्या खेपेला रक्त चढत असताना रेहाने डॉक्टरबाईंसमोर एकदम रडायलाच लागली. "बाबांना माझा कंटाळा आलाय. शिवतसुद्धा नाहीत मला."

"अगं पोरी, शिवलो म्हणूनच तर हे झालं!" खुदामुरादनं तांब्यानं हिरवट झालेले आपले पंजे पुढे केले.

डॉक्टरबाई बघतच राहिल्या. "उस्ताद, तो समोरचा मुलगा दिसतो? त्याचा बाप टॅक्सी चालवतो. तरी त्याचं तांबं हिच्याहून जास्त आहे. या आजारात पुष्कळांचं तसं निघतं. तुमच्या हातोड्याचा काय संबंध? जस्ताच्या गोळ्या देते हिला."

खुदामुराद धप्पकन बाकावर बसला. अन् त्याचं तोंड पुन्हा सुरू झालं, "जस्त? बाई, तांब्यात जस्त घातलं की पितळ होतं!"

"होऊ द्या मला पितळेची," रेहाने नाक पुसत म्हणाली, "फक्त ठोकू नका."

टॅक्सीवाल्याच्या मुलापासून नर्सबाईंपर्यंत सगळे खो खो हसले. खुदामुराद तेवढा हसला नाही. त्यानं पोरीचा मोकळा हात दोन्ही पंजांत धरला, तो रक्ताची पिशवी रिकामी होईपर्यंत सोडलाच नाही. "उस्ताद, सरका जरा," नर्सबाई म्हणत राहिल्या. ऐकतंय कोण!