अजून विचारलेलं नाही

निघण्याआधी दारातच माझी झडती झाली. झडती घेणारी नऊ वर्षांची होती. तिने माझी पिशवी पालथी केली, सात पुस्तकं एकेक करून झटकली, चष्म्याच्या घरात लपवलेलं बॉलपेन शोधून काढलं आणि चपलांच्या कपाटावर ठेवलं. "हे इथेच राहील," ती म्हणाली. विमानतळावरसुद्धा मी इतक्या नम्रपणे कधी उभी राहिले नव्हते.

मी एका वर्तमानपत्रात दर रविवारी सदर लिहिते. गेल्या हिवाळ्यात विषय सुचेना, म्हणून लेकीची एक गोष्ट लिहून टाकली. घरातली, आम्हा दोघींतली. काय ते पुन्हा सांगणार नाही. रविवारी वाचक हसले, सोमवारी तिचा वर्ग हसला. वाचकांची पत्रं आली, "किती गोड!" आणि त्या सोमवारपासून लेकीने मला काही सांगणं बंद केलं. एरवी शाळेतून आली की बूट काढायच्या आत तिची टकळी सुरू व्हायची. आता "काय झालं शाळेत?" विचारलं की "काही नाही." भांडण नाही, रुसवा नाही. दार नुसतं लोटून घेतलेलं.

म्हणून मे महिन्यापुरतं सदर बंद ठेवलं आणि तिला शब्द दिला, महिनाभर एक ओळ लिहिणार नाही, फक्त वाचू. "आणि कुठेतरी लांब जाऊ," ती म्हणाली. नागपूरच्या वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारी वनिता आता धानोऱ्याजवळच्या तिच्या गावात शिक्षिका आहे. दर वर्षी बोलवायची, दर वर्षी मला लेख असायचा. या वर्षी नव्हता. लेकीच्या बाबाला सुट्टी नव्हती, म्हणून आम्ही दोघीच निघालो. लेकीला मी इथे चारू म्हणणार आहे. ते तिचं नाव नव्हे, पण निवड तिचीच.

उतरायचं होतं चंद्रपूरला. पण सकाळी बर्थवर पालथं पडून दोघी एकच पुस्तक वाचत होतो. पान उलटण्याआधी ती माझ्यासाठी थांबत होती, कारण ती माझ्यापेक्षा भरभर वाचते. त्या नादात चंद्रपूर येऊन गेलं. बल्लारपूरला डबा झाडायला आलेल्या माणसाने आम्हाला खाली उतरवलं.

बाहेर एक जड, उकडल्यासारखा वास पसरला होता. ऑटोवाल्या भाऊंना विचारलं.

"कागदाचा वास हाये मॅडम. इथी बांबू शिजवते ना कारखान्यात."

लिखाण सोडून रात्रभर पळत येऊन मी कागदाच्या जन्मगावी उतरले होते. चारूने माझ्याकडे संशयाने पाहिलं. "मुद्दाम केलंस?"

"पण चंद्रपूरले जाचं होतं तर इथी काऊन आल्या?" भाऊंनी विचारलं.

"पुस्तक वाचत होतो."

"दोघीबी?"

"दोघीही."

"मंग बराबर हाये," म्हणत त्यांनी ऑटो वळवली. माझ्या निष्काळजीपणाला इतक्या लवकर कुणी माफ केलं नव्हतं.

चंद्रपूर हे जुन्या राजधानीचं शहर. काळ्या दगडाचा परकोट, उंच दरवाजे, आणि त्या दरवाजांतून हॉर्न वाजवत जाणारी आजची प्रजा. बसस्थानकाबाहेर एका पाणपोईचं नुकतंच उद्घाटन झालं होतं. फलकावर अकरा चेहरे, सगळ्यांचे हात जोडलेले. खाली तीन रांजण, तिन्ही कोरडे. चार पावलांवर एक म्हातारी बाई, डोक्यावर ओला पदर घेऊन, कसलाही फलक नसलेल्या माठातून येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी देत होती. चारू दोन पेले प्यायली आणि म्हणाली, "हिचा फोटो का नाही लावला?"

माझा हात आपोआप पर्समध्ये गेला. चारूने पाहिलं. मी रुमाल काढला.

बस निघाली. मूल, सावली ही गावं मागे पडली. वैनगंगेचा लांब पूल लागला. खाली नदी कमी आणि वाळू जास्त. गडचिरोलीला बस बदलली आणि धानोऱ्याच्या रस्त्याला लागलो तसं जंगल दोन्ही बाजूंनी जवळ सरकलं. साग अजून उघडाबोडका होता, पण मोहाला तांबूस कोवळी पानं फुटली होती. खिडकीतून येणारा वारा तव्यावरून आल्यासारखा होता. चारूला मळमळायला लागलं, तेव्हा कंडक्टरने न सांगता लिंबू आणून दिलं. "सोबतच ठेवतो जी. पुणे-मुंबईचे पाहुणे आले का लागतेच."

वनिता मोटारसायकल घेऊन धानोऱ्याला आली होती. वीस वर्षांनी भेटलो. तिने मला वरून खालून पाहिलं. "काय वो, जाडी झाली तू. लिहून लिहून बसल्या जागी वाढली." मग चारूकडे वळली. "हे तर तुह्याहून शहाणी दिसते."

वनिताचं घर गोंड कुटुंबाचं. तिची सासू सोनाबाई घरात गोंडी बोलायची, आमच्याशी मराठी. पहिल्या सकाळी तिने वाटीत जावा दिला (तांदळाची पातळ, जराशी आंबट पेज). चारूने आधी नाक मुरडलं, मग दुसऱ्यांदा मागून घेतला.

मे म्हणजे तेंदूपानाचा, विडीच्या पानाचा हंगाम. पहाटे गाव जंगलात जायचं, ऊन चढायच्या आत पानांची गाठोडी डोक्यावर घेऊन परत यायचं. मग दुपारभर ओसरीत बायका बसायच्या, पानं जुळवायच्या, सत्तर पानांचा एक पुडा झाडाच्या सालीच्या दोरीने, वाकेने बांधायच्या. आम्हीही बसायचो. फाटकी पानं बाजूला काढायचं काम चारूकडे. माझे पुडे सोनाबाई गुपचूप सोडून पुन्हा बांधायची.

तिसऱ्या दुपारी वनिता म्हणाली, "पोरी, तुमी पुस्तकं आणली ना? वाच ना मोठ्यानं. हात चालतेत, कान रिकामेच हायेत."

चारूने वाचायला घेतलं. जंगलात रस्ता चुकलेल्या वाघाची गोष्ट होती. वाघ सशाला रस्ता विचारतो, इथपर्यंत आली आणि सोनाबाईने हात थांबवला.

"वाघ काऊन रस्ता चुकंल वो? रस्ता त्याचाच हाये."

"आन ससा थांबला कसा सांगाले?" शेजारीण म्हणाली.

"पुण्याचा वाघ असंल थो," वनिता म्हणाली.

ओसरी हसली. चारू इतकी हसली की मांडीवरची पानं सांडली. तिला असं हसताना पाहून किती महिने झाले, ते मोजायचं मी टाळलं. टीका एवढी झाली, पण "मंग पुढं?" कुणी सोडलं नाही. चार दुपारी ते पुस्तक पुरलं.

पुस्तक संपलं त्या दुपारी मी आतल्या खोलीत आडवी झाले होते. बाहेर सोनाबाई म्हणाली, "आता तुयी गोष्ट सांग."

चारू दारात येऊन मला बघून गेली. "आई झोपलीये," तिने बाहेर सांगितलं, आणि सुरू केली. त्या रविवारची आणि त्या सोमवारची गोष्ट. तिच्या बाजूने. सोनाबाईचे हात पानांवर चालू होते. मध्येमध्ये एवढंच म्हणायची, "मंग?" आणि थोड्या वेळाने पुन्हा, "मंग का झालं?" सल्ला नाही, अरेरे नाही.

पाच महिने मी ज्या दारावर टकटक करत होते, ते दुसऱ्याच कुणासाठी उघडलं होतं. मला रडू आलं. आणि रडता रडता, सांगायला लाज वाटते, डोक्यात वाक्यं रांगेने उभी राहायला लागली. पहिलं वाक्य तर फारच चांगलं होतं. वनिता शिक्षिका, तिच्या घरात पेनांचा सुकाळ. कोनाड्यातलं लाल पेन घेतलं आणि हाताशी असलेल्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर, बारीक अक्षरात, सगळं लिहून काढलं. मग पुस्तक बाकीच्या सहांच्या खाली ठेवून दिलं आणि खरंच झोपले. छान झोप लागली.

दुसऱ्या सकाळी पानांची गाठोडी घेऊन जंगलातून परतत होतो. गावाच्या तोंडाशी आंब्याचं मोठं झाड आहे. खाली आंब्यांचा सडा पडलेला आणि कुणी वाकून एकही उचलत नव्हतं. मला वाटलं, रोजचंच, गावाला कौतुक नसेल. तहान लागली होती. एक उचलला, पदराला पुसला आणि चावा घेतला.

"आई, थुंक!" चारू मागून ओरडली. "अजून विचारलेलं नाहीये!"

सगळ्या थांबल्या. वनिताने समजावलं. मरका पंडुम (आंब्याचा सण, मरका म्हणजे आंबा) होईपर्यंत या गावात नवा आंबा कुणी खात नाही. गायता, म्हणजे गावचा पुजारी, दिवस ठरवतो. त्या दिवशी झाडाला, पूर्वजांना आधी आंबा द्यायचा, विचारायचं, मग खायचं. हे चारूला सोनाबाईने दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण इतक्या मोठ्या बाईला सांगावं लागेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

सोनाबाईने तोंडावर हात ठेवला, मग हसली. "जाऊ द्या जी. पाहुणीले का मालूम."

"मालूम असतं तरी घेतलाच असता," चारू म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "ती विचारतच नाही. दिसलं की घेते."

या वेळी कुणी हसलं नाही. सोनाबाईने डोक्यावरचं गाठोडं नीट केलं आणि चालू लागली. तोंडातला घास माझ्याच्याने गिळवेना आणि थुंकवेना.

दिवस कलताना वनिता मला गायत्याकडे घेऊन गेली. म्हातारा अंगणात बांबूची टोपली विणत होता. मी जमिनीवर बसले आणि म्हटलं, "भाऊ, चूक झाली. मी आंबा खाल्ला."

त्याने बांबूची काडी ओढून घेतली. "गोड होता का?"

"आंबट होता."

"मंग झाला तुमचा दंड." वनिता खो खो हसली. तो मात्र टोपलीकडेच बघत होता. "खाली पडला म्हून आपला नाई होत जी. इचारा लागते. आजवर झाडानं कोनाले नाई म्हटलं नाई. पण इचारा लागते."

परत आले तेव्हा चारू खाटेवर बसून वाचत होती. मी तळातलं पुस्तक काढलं, शेवटचं पान उघडून तिच्या मांडीवर ठेवलं. "हे मी काल लिहिलं. तू सोनाबाईंना सांगत होतीस ते. तुला न विचारता."

तिने वाचलं. लाल अक्षरात असल्याने ते आणखीच वाईट दिसत होतं.

"तू झोपली नव्हतीस."

"नव्हते."

तिने शिवणीपाशी धरून पान सावकाश फाडलं, चार घड्या घातल्या आणि फ्रॉकच्या खिशात टाकलं. मग आपलं पुस्तक पुन्हा उघडलं. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मी पानं जुळवली. सत्तर मोजताना माणसाला दुसरं काही सुचत नाही, हा त्यातला मोठा गुण.

पंडुम झाला. मंडप नाही, माईक नाही, कुणाच्या हस्ते काही नाही. झाडाखाली सारवलेली जागा, पानावर आंब्याच्या फोडी, गायत्याचं गोंडीतलं पुटपुटणं. तो झाडाशी बोलत होता की कुणा गेलेल्या माणसाशी, मला कळलं नाही. सूर मात्र शेजाऱ्याकडे काही मागायला आल्यासारखा होता. मग फोडी वाटल्या. चारू तिची फोड घेऊन माझ्याजवळ आली, अर्धी तोडून मला दिली.

"आता चालतं," ती म्हणाली.

खरं सांगायचं तर तीही आंबटच होती. गावरान आंबा विचारलं म्हणून गोड होत नाही.

निघताना सोनाबाईने पानाच्या द्रोणात चारं बांधून दिली (चारोळीची जांभळी, बोराहून लहान फळं). चारूच्या गालावर हात फिरवून म्हणाली, "पुढच्या साली दुसरा वाघ आणजो. हुशार पाहून." मला म्हणाली, "बाई, पुडा बांधाले शिका जरा."

या खेपेला गाडी चंद्रपूरलाच पकडली. खिडकीशी बसून चारूने द्रोण संपवला, मग खिशातून ते घडीचं पान काढलं. त्यावर जांभळे डाग पडले होते.

"विचार," ती म्हणाली.

मी विचारलं, "लिहू का?"

ती बाहेर बघत राहिली. वरोरा येऊन गेलं तरी उत्तर नाही. झाड नाही म्हणत नाही. नऊ वर्षांची मुलगी म्हणू शकते, हे त्या अर्ध्या तासात मला नीट समजलं.

"हे पान सोडून," शेवटी ती म्हणाली. "हे माझ्याकडे राहील. बाकीचं लिही. आधी मला दाखवायचं. मी खोडेन ते खोडायचं. आणि नाव बदल."

"कुठलं ठेवू?"

तिने बोटाला लागलेला जांभळा रंग चाटला. "चारू."

हा लेख तिने वाचला आहे. तेरा ओळी खोडल्या. त्यातल्या दोन माझ्या मते फार चांगल्या होत्या. सदर पुन्हा सुरू होईल, तिची गोष्ट तिच्या परवानगीशिवाय त्यात येणार नाही. वाचक कमी झाले तर होवोत.

गाडीने वेग घेतला तेव्हा चारू पाय वर घेऊन माझ्या बाजूला सरकली.

"तुला एक सांगू? पण हे लिहायचं नाही."

"नाही लिहिणार."

तिने एकदा माझ्या हातांकडे पाहून घेतलं. ते रिकामे होते. मग तिने सुरुवात केली. हिंगणघाट गेलं, वर्धा आली, चहावाला येऊन गेला, ती बोलतच होती. मी मध्येमध्ये एवढंच म्हणत होते, "मंग?"