भित्तिपत्रकावरच्या सांबारवड्या

मुलांनी कॉलेजच्या व्हरांड्यातल्या भित्तिपत्रकावर हौसेनं लावलेले लेख मी लाल शाईनं तपासले आणि वर गुणही देऊन टाकले. मला ही कर्तव्यदक्षता वाटली. पुढच्या आठवड्यात फळ्यावर नुसत्या टाचण्या उरल्या.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. माझ्या मराठीच्या वर्गानं लिहावं, वाचणाऱ्यांनी खाली शेरे लिहावेत आणि त्यातून सगळ्यांनीच लिहायला शिकावं, असा माझा बेत होता. प्राचार्य म्हणाले, "शनिवारपर्यंत काही लागलं नाही, तर फळा वेळापत्रकाला देतो."

घाबरून मीच लिहायला बसलो. विषय घेतला, मी घरी केलेल्या सांबारवड्या, म्हणजे आपल्या कोथिंबिरीच्या वड्या. लेख लावला, शेजारी दोरीनं पेन्सिल बांधली आणि तिथून सटकलो.

दुपारपर्यंत शेऱ्यांची रांग लागली. "सर, वाक्य लांबलं, वडी फुटली." "सारं ठीक आहे, पण सांबार निवडला कोणं?" त्याखाली, वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या कळमेश्वरच्या मुलीनं लिहिलं होतं, "आमच्या घरी बी असंच. करते आई, अन् सांगतात बाबा." शुक्रवारी तिचा स्वतःचा लेख लागला. मग तर जागेसाठी भांडणं सुरू झाली. फळा वाचला.

घरी जाऊन मी हा पराक्रम बायकोला ऐकवला, शेऱ्यांसकट. ती म्हणाली, "मंग उत्तर लिहा ना खाली! अन् मी वड्या तळून राहिली होती तवा तुम्ही काय करत होते, तेबी लिहा."