उघडायला वेळ लागतो

मी आमचं गाव, झरी, सोडलं ते २०१४च्या उन्हाळ्यात. फाट्यावर जीपवाला हॉर्न वाजवत होता, तेवढ्यात आई शेटच्या मोगऱ्याच्या वाडीतून धावत आली. ओच्यातल्या मूठभर कळ्या तिने माझ्या रुमालात बांधल्या. मी हुंगून पाहिल्या, तर नुसता ओल्या पाल्याचा वास. "आता नाय येत वास, बाय. सांजच्याला उघडतील. तवर तू ठाण्यात." मला भयंकर राग आला. निरोपाला द्यायला हिला दुसरं काही मिळालं नाही?

ठाण्यात मैत्रिणीच्या खोलीवर रुमाल सोडला आणि रडूच फुटलं. एवढा वास आमच्या घरात कधी आलाच नव्हता. आम्ही पहाटे मिटलेल्या कळ्या खुडायचो, पाट्या मुंबईच्या टेम्पोत चढायच्या, आणि फूल उघडायचं ते तिकडे कुणाच्या तरी अंबाड्यात. वाडीत चुकून राहिलेलं फूल, तेवढं आमचं.

नोकरी लागली मॉलमध्ये, परफ्यूमच्या काउंटरवर. ट्रेनिंगमध्ये सर सांगायचे, कागदाच्या पट्टीवर विसंबू नका, मनगटावर लावा आणि थांबा. माझ्या आवडीच्या बाटलीतून आधी स्पिरिटचा भपका यायचा. तो ओसरला की फुलं: मोगरा, गुलाब, आणि काही परदेशी, ज्यांची नावं मी पोपटासारखी म्हणायचे. मग फुलंही मागे सरायची आणि न्हाऊन निजलेल्या बाळाच्या अंगासारखा मऊ पावडरीचा वास उरायचा. तो कातडीला धरून बसतो, अगदी जवळ गेल्याशिवाय कळत नाही. कस्टमरना एवढा पेशन्स कुठला? भपका घेतात, नाक मुरडतात आणि पुढचं दुकान गाठतात.

सुट्टीत एकदा तो परफ्यूम आईच्या हाताला लावला. "सुई टोचायच्या आधी लावतात त्येच ना ह्ये?" म्हणत तिने साबणाने हात खसखसून धुतला. थांबायचं असतं गं, मी म्हटलं. "मग आधी सांगायचं," ती म्हणाली.

२०१८च्या थंडीत आपल्याकडे, डहाणूच्या पट्ट्यात, जमीन हादरू लागली. गाववाल्यांनो, जे तिथेच राहिलात, त्या तुम्हाला मी काय सांगणार? आणि जे वापीला, ठाण्याला गेलात, तेही माझ्यासारखेच फोन लावून "आज धक्का बसला का?" विचारत असाल. घर अंगावर येईल म्हणून सगळे अंगणात ताडपत्रीखाली झोपत होते. मी आईला न्यायला गेले. "माझ्या कोंबड्या कोन बघंल?" म्हणाली, आणि हलली नाही. मागची भिंत तडकली, पण उभी राहिली. दवात झोपून आईच्या छातीने मात्र दगा दिला.

डहाणूच्या दवाखान्यात ती धापा टाकत पडली होती. तिला स्वतःच्या अंगाची शिसारी आली होती. "ती बाटली हाय का गं? दवाखान्याचा वास येतो मला." मी तिच्या मनगटावर थेंबभर लावला. "आता थांब हं, आई." आणि ती थांबली. मनगट नाकाशी धरून पडून राहिली.

"उघडला का, बाय?"

"अजून नाही."

थोड्या वेळाने पुन्हा, "उघडला का?"

"येतोय, आई. आलाच."

तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही.

झरीला आणली. बायका अंघोळ घालायला जमल्या, त्याआधी मी तो हात उचलून नाकाशी नेला. फुलं आली होती. पावडर नव्हती. वास पुढे सरकायला अंगात ऊब लागते, हेही ट्रेनिंगमध्येच शिकवलं होतं, आणि तेव्हा मी ते पोपटासारखं पाठ केलं होतं.

आता झरीच्या घराला कुलूप आहे. कोंबड्या शेजारी नेल्या. कुणी "गावी कधी जाणार?" विचारलं की मी बाटल्या पुसायला घेते. रोज सकाळी काउंटरवर उभी राहिले की मी तोच परफ्यूम मनगटावर लावते आणि थांबते. भपका जातो, फुलं येतात, तेवढा वेळ मी घरी असते. पावडर येऊ लागली की आत जाऊन साबणाने हात धुते.