बुडालेल्याला पालथं घालू नये

लेखी परीक्षेत मी वर्गात दुसरी आले आणि प्रात्यक्षिकात एका टेबलावर नापास झाले. एकाच. वाहतं रक्त थांबवलं, मोडलेल्या पायाला फळी बांधली, प्राणवायूचा सिलिंडर न अडखळता जोडला, अडलेल्या बाळंतिणीच्या टेबलावर तर परीक्षकांनी मान डोलावली. अडले ते बुडालेल्या माणसाच्या टेबलावर. आणि मी थळची, तांडेलाची मुलगी. बापाची सगळी हयात बोटीवर गेलेली. हे सांगताना आजही मला हसूही येतं आणि रागही येतो.

ही परीक्षा रुग्णवाहिकेवर जाणाऱ्या तंत्रज्ञाची. अपघात झाला की डॉक्टरच्या आधी जो माणूस पोचतो, त्याने काय करायचं आणि काय करायचं नाही, याची. सात वर्षं मी अलिबागच्या एका दवाखान्यात नावं लिहून घेणं, इंजेक्शन भरून देणं, मलमपट्टी करणं असली कामं केली होती. बत्तिसाव्या वर्षी पुन्हा वही-पेन घेऊन बसले, कारण एका रुग्णवाहिकेवर जागा होती आणि ते लोक माझ्यासाठी थांबायला तयार होते. मात्र फार थांबणार नव्हते. नापास टेबल दीड महिन्याने पुन्हा एकदा देता येत होतं. तेही गेलं की अख्खा कोर्स पहिल्यापासून, आणि जागाही गेली.

झालं असं, की टेबलावर कार्ड होतं: ‘समुद्रात बुडालेला पर्यटक, वय पंचवीस, किनाऱ्यावर आणला आहे.’ खाली फरशीवर रबराचा पुतळा. उत्तर मला तोंडपाठ होतं. उताणा ठेवा, हाक मारा, श्वास आणि नाडी बघा. दोन्ही नसतील तर आधी तोंडात हवा भरा, मग छाती दाबा. पोटाला हात लावायचा नाही. हे सगळं डोक्यात असताना मी खाली बसले, पुतळ्याला पालथा घातला, कमरेला मिठी घालून उचलला आणि हापसू लागले. त्याच्याही आधी मी आणखी एक गोष्ट केली होती. ती मला परीक्षकांच्या चेहऱ्यावरून नंतर कळली. मी पुतळा फरफटत अर्धा गोल फिरवून त्याचं डोकं पश्चिमेकडे केलं होतं. बंद खोलीत, पंख्याखाली, समुद्र कुठल्या अंगाला आहे ते आठवून.

“हे कशासाठी केलंत?” परीक्षक बाईंनी विचारलं. त्या पुण्याकडच्या असाव्यात. मी म्हटलं, “डोकं दर्याकडे लागतं.” त्यांनी ते लिहून घेतलं की काय, मला माहीत नाही, पण पेन बराच वेळ चाललं.

मला लहानपणापासून भोचक म्हणतात. आई तर म्हणायची, हिला मासा दिला तर खाण्याआधी त्याचं गाव विचारेल. नापास झाल्याचं दुःख दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी मला वेगळाच प्रश्न कुरतडू लागला. हे मला शिकवलं कुणी? पोहणं काकाच्या पाठीवर शिकले, जाळं विणणं आत्याकडून. पण बुडालेल्याला हापसायला कुणी समोर बसवून शिकवल्याचं काही केल्या आठवेना. तरी हातांना ते येत होतं, आणि अगदी सफाईने येत होतं.

म्हणून मी विचारत सुटले. शेजारच्या मावशी मांदेली निवडत होत्या, त्यांना विचारलं, “मावशी, बुडालेला मानूस आनला तर काय कराचा?” त्यांनी वर न बघता सांगितलं, “पालथा घालाचा, पोट दाबाचा, डोका दर्याकडं. दर्याचा पानी दर्याला परत.” बर्फवाल्याने तेच सांगितलं. बंदरावर जाळी शिवत बसलेल्या चौघांनी तेच सांगितलं, वर एकाने मोकळी टोपली पालथी ठेवून तिच्यावर पोट कसं टेकवायचं ते करूनही दाखवलं. कुणी शिकवलं म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघत आणि मग एकच उत्तर देत: “तुजा बापूस करतो ना.”

दुसऱ्या बाजूने मी कोर्सच्या सरांचं डोकं खात होते. पोटातून पाणी निघतं ते माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, मग ते चूक कसं? सर शांत माणूस. त्यांनी कागदावर अन्ननलिका आणि श्वासनलिका शेजारी शेजारी काढून दाखवल्या. बुडणारा माणूस गटागटा पाणी गिळतो, ते जातं पोटात. दाबलं की तेच बाहेर येतं, आणि येता येता श्वासाच्या नळीत उतरू शकतं. फुप्फुसातलं पाणी असं उलटं करून निघत नाही. माणूस मरतो तो हवा न मिळाल्याने. एकेक मिनिट हवेचं असतं, आणि आपण ते पाणी काढण्यात घालवतो. मी विचारलं, खारं पाणी आणि खाडीचं पाणी यात फरक? “करायचं तेच,” सर म्हणाले आणि चहाला गेले, बहुधा माझ्यापासून सुटायला.

आता बाबांकडे जाणं भाग होतं. बाबा सत्तरीला आलेत, बोटीवर जात नाहीत, पण किनाऱ्यावर त्यांचा मान आहे. त्यांच्या हाताला गुण आहे असं थळपासून रेवसपर्यंत बोललं जातं. कुणी बुडालं की पहिली हाक त्यांना. मी नापास कशात झाले हे मी घरी सांगितलं नव्हतं. ‘एक टेबल राहिलं’ एवढंच. मी वही घेऊन ओटीवर बसले आणि म्हटलं, “बाबा, तू वाचवलेली मानसां सांग ना. सगली.” आमच्या घरात बापालाही अरे-तुरेच.

बाबा खुलले. चार-पाच दिवस रोज सकाळी चहा झाला की एक-दोन माणसं. सहलीला आलेला दाढीवाला, खांदेरीच्या वाटेवर होडीतून पडलेली बाई, भरतीत सापडलेले दोघे मित्र. मी प्रत्येकाचं विचारायचे: तुझ्या हातात आला तेव्हा खोकत होता? डोळे उघडत होता? छाती हलत होती? बाबांना हे प्रश्न आवडत होते. इतक्या बारकाईने त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं. “व्हय तर, खोकत व्हता. बोटीवर घेतला तवाच ओकला.” “ती? ती तर रडत व्हती गो.”

नऊ माणसं लिहून झाली आणि मी वही पुन्हा वाचली. नऊच्या नऊ जण बाबांच्या हातात आले तेव्हा श्वास घेत होते. ते जगणारच होते. बाबांनी त्यांना पाण्यातून ओढून काढलं, तिथेच ते वाचले होते. त्यापुढचं हापसणं त्यांनी सोसलं, इतकंच. मला आधी शोध लागल्याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू. उत्तर सापडलं की मला आनंद होतोच, ते कुणाचं आहे हे मग लक्षात येतं.

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, “आनि वाचले न्हाय ते?”

बाबांनी कप खाली ठेवला. “एकच,” ते म्हणाले. “तुजा काका.”

काका बाबांचा धाकटा भाऊ. मी सहा वर्षांची असताना तो गेला, बोटीवरून पडून, एवढं मला माहीत होतं. बाबांनी त्या दिवशी सांगितलं ते नवीन होतं. नांगर टाकताना दोर काकाच्या पायात अडकला. बाबांनी उडी मारून दोर कापला, त्याला वर घेतला, किनारा जवळ होता म्हणून सरळ वाळूवर आणला. छाती हलत नव्हती, पण अंग गरम होतं. बाबांनी त्याला पालथा घातला.

“पानी येत व्हता,” ते म्हणाले. “येतच व्हता. मना वाटला, अजून थोडा काढला की उठेल. मी थांबलोच न्हाय.”

ते सांगत असताना मला दिसलं. ऐकलेलं नव्हे, पाहिलेलं. मी आईचा पदर धरून उभी होते, बाबांनी काकाला अर्धा गोल फिरवून डोकं पाण्याकडे केलं आणि कमरेला धरून वर उचललं, पुन्हा उचललं. कुणी शिकवलं, हा माझा प्रश्न तिथे सुटला. मला तो सुटायला नको होता.

बाबा वहीकडे बघत होते. त्यांना वाचता येतं बेताचंच, पण मी काय गोळा करत होते ते त्यांना केव्हाच उमगलं असावं. “तुमच्या पुस्तकात काय लिवलाय?” त्यांनी विचारलं. “पालथा न्हाय घालत?”

“न्हाय.”

“मंग काय करतात?”

मी सांगितलं. उताणा, तोंडात हवा, मग छाती. बाबांनी ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, “तसा केला असता तर तो वाचला असता?”

मी घाबरले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला प्रश्न विचारला होता आणि मला पळून जावंसं वाटत होतं. मी म्हटलं, “मना काय इचारतो? मी तर त्याच टेबलावर नापास झालेय.”

बाबांनी वही मिटली. “बरा,” ते म्हणाले. “पास हो. मंग सांग.”

त्यानंतरचे दिवस विचित्र गेले. दुपारी दवाखान्यातून आले की मी उशीला साडी गुंडाळून तिचा माणूस करायचे आणि हात सुधारायचे. बाबा समोरून जात-येत असत. हात हट्टी होते. घाई केली की अजूनही कमरेकडे जात. आणि खरं सांगते, दोन-तीनदा मनात आलं की जाऊ दे तिकडे. नापास झाले तर जागा जाईल, पण उत्तर तरी द्यावं लागणार नाही. मग मला स्वतःचीच लाज वाटायची आणि मी पुन्हा उशीपुढे बसायचे.

दुसऱ्या वेळी परीक्षक त्याच बाई होत्या. त्यांनी मला ओळखलं. कार्ड उचलून हातात दिलं, खुर्ची थोडी पुढे ओढली आणि आता ही काय करते ते बघायला बसल्या. मी पुतळा होता तसाच ठेवला. उताणा. हनुवटी वर केली, श्वास बघितला, नाडी बघितली, हवा भरली, छाती दाबली, मोठ्याने मोजत. दंड भरून आले तरी थांबले नाही, त्यांनी ‘पुरे’ म्हणेपर्यंत. मग त्यांनी तोंडी प्रश्न विचारला, जो सगळ्यांना विचारतात की माझ्यासाठीच होता, कोण जाणे: “किनाऱ्यावर लोक आधीच पोट दाबत असतील तर त्यांना काय सांगाल?” मी म्हटलं, “बाजूला व्हा म्हणेन. का ते नंतर सांगेन.” त्या म्हणाल्या, “नंतर नक्की सांगा.”

निकाल त्याच दिवशी दुपारी लागला. मी घरी आले तेव्हा बाबा ओटीवरच होते. मी चपला काढल्या, त्यांच्या समोर बसले. त्यांनी पेढा मागितला नाही.

“पास?”

“व्हय.”

“मंग सांग.”

वाटेत मी चार-पाच गोड वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही तोंडातून निघेना. मी म्हटलं, “बाबा, वाचला असता असा कोनीच सांगू शकत न्हाय. पन एक संधी व्हती. आपल्याला ती म्हायीत न्हवती.”

“मना म्हायीत न्हवती,” बाबा म्हणाले. “आपल्याला नको बोलू. तू सा वर्सांची व्हतीस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला बंदरावर घेऊन गेले. बोटी लागत होत्या, टोपल्या उतरत होत्या, बायका मासळीच्या भावावरून भांडत होत्या. बाबांनी चार-पाच जणांना हाक मारली, मग आणखी काही आपणहून गोळा झाले. आणि बाबा धक्क्याच्या ओल्या सिमेंटवर उताणे आडवे झाले. सत्तरीचा तांडेल, धुतलेल्या सदऱ्यात. दोघे-तिघे हसले.

“हसा,” बाबा खालून म्हणाले. “माज्या भावाला असा आनला व्हता, तुमच्यातले कितीतरी उभे व्हते. मी त्याला पालथा घातला. चुकला माजा. आता पोरगी दाखवते ते बघा.”

मी गुडघ्यांवर बसले, त्यांची हनुवटी वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की सगळ्यात आधी श्वास बघायचा. मग कान त्यांच्या नाकाशी नेला. श्वास चालू होता, पण अडखळत होता. मिटल्या डोळ्यांनी बाबा रडत होते, आणि न हलता, मला माझं काम करू देत होते.