सईच्या रियाजाचा व्हिडिओ

खरवईतल्या आणि आजूबाजूच्या सगळ्या आयांनो, आज सकाळी मला माझीच लाज वाटली. इथे लिहून मोकळी होते.

माझी सई नऊ वर्षांची आहे, हार्मोनियम शिकते. क्लासच्या ग्रुपवर रोज रियाजाचा व्हिडिओ टाकायचा असतो. ती चुकली की मी म्हणते, "परत पहिल्यापासून घे." कधी कधी चार-चार वेळा. मग ग्रुपवर बाकीच्या आयांचे अंगठे येतात आणि मी खूश.

आज भाजी घेऊन आले तर दारातूनच पेटी ऐकू आली. कचऱ्याची घंटागाडी रोज जी धून वाजवत येते ना, ती सईने नुसती ऐकून बसवली होती! मध्येच चुकत होती आणि एकटीच हसत होती.

मला बघताच तिचं हसू गेलं. ताठ बसली, केस मागे सारले आणि अलंकार सुरू केला.

"अगं, ती घंटागाडी वाजव ना!"

"तो टाइमपास आहे. तूच म्हणालीस."

म्हणाले होतेच. आणि आत्ताही माझा हात फोनकडेच गेला होता.

फोन भाजीच्या पिशवीत टाकला आणि तिच्याशेजारी फरशीवर बसले. "वाजव. मी फक्त ऐकते."

तिने बोटं पट्ट्यांवर ठेवली, पण वाजवेना. पिशवीकडे बघत हळूच म्हणाली, "आई, त्यात रेकॉर्डिंग चालू नाहीये ना?"

तुमची मुलं विचारतात का हो असं? की ही वेळ मी एकटीनेच आणलीय?