थंड दिव्याखाली मामा

स्टेजच्या मधोमध मामा तोंड वर करून, डोळे मिटून उभा होता. "पाजळ," तो ओरडला. भाचीनं लाईटच्या बोर्डावरून वरचा दिवा लावला. मामा जरासा सरकला, गाल उजेडात नीट धरला. "हां. आता डावीकडचा."

नाट्यगृहाच्या लाईटचं काम मामाकडे फार जुनं. सगळे त्याला पाजळेमामा म्हणायचे, कारण 'लाव' हा शब्द त्याच्या तोंडात नव्हताच. नट चिडवायचे, मामा, अक्कल पाजळू नका. मग तो हटकून सांगायचा की मूळ शब्द प्रज्वलन. त्यातलं ज्वलन म्हणजे जळणं. लोकांनी बोलून बोलून झिजवलं आणि त्याचं पाजळणं केलं. जुन्या कवितांत दिवे पाजळायचे, तुम्ही नुसती अक्कल शिल्लक ठेवलीत.

मग मॅनेजरनं नवे दिवे आणले. पांढरे, थंड, कमी वीज खाणारे. मामा त्यांच्याखाली तोंड वर करून बराच वेळ उभा राहिला. नट हसू दाबत होते.

"हा पाजळलेला नाही," तो म्हणाला.

मॅनेजर म्हणाला, लख्ख उजेड पडलाय की.

"यात जळतंय काय? जळत नाही त्याला पाजळलं कसं म्हणू?"

एका शब्दापायी अडून बसणार असाल तर उद्यापासून येऊ नका, मॅनेजरनं तोंडावर सांगितलं. भाचीचं डोकं सटकलं. मामा नाही तर मीही नाही, म्हणत तिनं बोर्डच बंद केला. मामानंच तिची समजूत काढली, तुला जमतंय, तू सोडू नकोस. मग दारापर्यंत चल म्हणाला आणि तिचा दंड गच्च धरून चालला.

पुढच्या हिवाळ्यात तो गेला.

आता थंड दिवे तीच लावते. पण मधली ती जागा काही बरी नाही. तिथं आलेला नट वाक्य अर्धं टाकून तोंड वर करतो. कुणी सांगितलेलं नसतं. विचारलं तर म्हणतो, काही नाही, जरा ऊब लागली. एका नटीनं तर तिथं उभं राहायलाच नकार दिला. भाची स्वतः जाऊन उभी राहिली. शिडीवर चढून दिव्याला हात लावला तर गार, आणि खाली गाल तापलेला. तेव्हापासून दिवा लावण्याआधी ती हळूच विचारते, "मामा, पाजळू?" मॅनेजर ऐकतो, नजर वळवतो.

हे तिनं मामीला सांगितलं.

"यांना दिसत कुठं होतं गं," मामी म्हणाली. "तू बोर्डावर बसायच्या आधीच डोळे गेले होते."