समोरासमोरची थप्पड

"मार उसको," सुपरवायझर म्हणाला. उसको म्हणजे पांडूदादाला. माझ्याच तालुक्यातला, बापाच्या वयाचा माणूस. दुबईत जबल अलीच्या यार्डात भर उन्हात आम्हा दोघांना समोरासमोर उभं केलेलं. गुन्हा काय, तर ऑफिसातल्या कूलरचं गार पाणी प्यालो. लेबरचं पाणी बाहेरच्या टाकीत, हात पोळेल असं. पांडूदादाला घेरी आली म्हणून मीच त्याला आत नेला होता.

सुपरवायझर आपलाच, हिंदुस्थानी. इस्त्रीचा शर्ट. आमच्या तोंडाला हात लावून त्याला विटाळ करून घ्यायचा नव्हता. "एक दूसरे को मारो, जोर से. यल्ला, जल्दी. नहीं तो दोनों का वीजा खलास."

पांडूदादा हळूच म्हणाला, "मार बाबा. नोकरी गेली तर घरी काय तोंड दाखवू? मार नि मोकळा हो."

मी हात उचलला. आणि आजा आठवला.

आजा दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या पलटणीत होता. सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या हाती लागला. त्यांनी न्यू गिनीच्या जंगलात नेऊन उपाशी राबवलं. माणसं पाला खायची. चालता आलं नाही की संगीन. एकदा कुणीतरी मूठभर तांदूळ चोरला. जपान्यानं कैद्यांच्या दोन रांगा समोरासमोर केल्या. मारा एकमेकांना. आज्यासमोर त्याचा जिवाचा दोस्त, सखाराम. आज्यानं हलकेच थप्पड मारली. जपान्यानं बंदुकीच्या दस्त्यानं आज्याचे दात पाडले, अशी मार म्हणून. मग आज्यानं तशी मारली. तापानं फणफणलेला सखाराम पडला तो उठलाच नाही. जपान्यानं पडल्या जागी त्याच्या पोटात संगीन खुपसली आणि त्याच्याच सदऱ्याला पुसली.

आजा मरेपर्यंत म्हणायचा, "मला मारलं त्याचं काय नाय रे. सखाराम माझ्या हातानं पाडला त्या भडव्यानं."

मी हात खाली घेतला. "नहीं मारेगा."

सुपरवायझरनं पाइप उचलला. खांद्यावर, पाठीवर, मग तोंडावर. ओठ फाटला, दात हलले. पांडूदादा मध्ये पडला, त्याचं मनगट मोडलं. बाकीचे लेबर माना खाली घालून उभे. मला त्यांचा संताप आला, अजून येतो. रक्त थुंकून मी म्हणालो, "तेरे को आता है ना मारना? तूच मार."

दोघांनाही परत धाडलं. विमानात पांडूदादा माझ्याशी बोलला नाही, नंतरही कधी नाही. त्याचं घर बसलं माझ्यापायी. बसलं, मला ठाऊक आहे. उद्या पुन्हा कुणी उभं केलं तरी मी हेच करीन. मला मारायचं त्यानं खुशाल मारावं. पण माझा माणूस पाडायला माझा हात कुणाच्या बापाला मिळणार नाही.